आज २१ नोव्हेंबर २०२४, आणि माझ्या प्रभागाला नगरसेवक नाही

आज २१ नोव्हेंबर २०२४. काल विधानसभेच्या मतदानावेळी लावलेली शाई घरातल्या चौघांच्याही बोटांवर अजून काळीभोर आहे. सकाळपासून फोनवर मतदानोत्तर अंदाजांचे तक्ते येताहेत, कोणाच्या किती जागा यावरून गटागटांत वाद पेटलेत. आज गुरुपुष्यामृत, त्यामुळे मधूनमधून सोनेखरेदीच्या शुभेच्छाही. हुतात्मा चौकातल्या स्मारकाचा फोटो मात्र दुपारपर्यंत मला एकाच गटात दिसला, तोही आमच्या एका जुन्या शेजाऱ्यांनी टाकलेला. खाली दोन नमस्कार, बाकी शांतता. ते पाहून मनात जे उसळलं ते लिहून काढल्याशिवाय राहवेना, म्हणून संध्याकाळचा स्वयंपाक लेकीवर सोपवून बसले आहे.

तरुण मंडळींसाठी थोडं मागचं सांगते. १९५५ च्या ऑक्टोबरमध्ये राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल आला. त्यात विदर्भ वेगळा, आणि गुजरातसह मुंबईचं द्विभाषिक राज्य. त्याला विरोध झाल्यावर काँग्रेस श्रेष्ठींनी त्रिराज्य योजना काढली: महाराष्ट्र वेगळा, गुजरात वेगळा आणि मुंबई शहर दोघांपासून वेगळं. २० नोव्हेंबरला रविवारी, म्हणजे काल आपण मत दिलं त्याच तारखेला, काँग्रेसचे मोरारजी देसाई आणि स. का. पाटील यांची चौपाटीवर सभा झाली. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, अशी भाषा व्यासपीठावरून झाली आणि लोकांनी सभा उधळून लावली. दुसऱ्या दिवशी सोमवारी संप. गिरणगावातून माणसं विधिमंडळाकडे निघाली. विधिमंडळ तेव्हा आज जिथं राज्य पोलिसांचं मुख्यालय आहे त्या जुन्या इमारतीत भरायचं. फ्लोरा फाउंटनपाशी, म्हणजे आजच्या हुतात्मा चौकात, पोलिसांनी मोर्चा अडवला. लाठ्या, अश्रुधूर आणि मग गोळ्या. त्या एका दिवशी १५ माणसं गेली. जानेवारी १९५६ मध्ये नेहरूंनी मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा केल्यावर तर पुन्हा रस्त्यारस्त्यात गोळीबार झाला. १०६ हुतात्मे आपण म्हणतो, ते सगळे मिळून.

आमच्या सासूबाई तेव्हा सतरा वर्षांच्या होत्या, परळच्या चाळीत राहायच्या. वडील गिरणीत साचेखात्यात. त्या दिवशी वडील आणि थोरला भाऊ दोघंही मोर्चाला गेले होते. चाळीतल्या बायकांनी संध्याकाळी गॅलरीत पाण्याच्या बादल्या आणि ओली फडकी काढून ठेवली होती, कारण परतणाऱ्या माणसांचे डोळे धुराने लाल झालेले असायचे. वडील रात्री उशिरा अनवाणी आले. शेजारच्या खोलीतला एक मुलगा दोन दिवस आला नाही. तो कोठडीत आहे हे कळेपर्यंत त्याच्या आईने अन्नाला हात लावला नव्हता. आई, म्हणजे सासूबाई, हे सांगतात तेव्हा त्यांचा आवाज चढत नाही, पण हातातलं काम थांबतं. त्यांचे वडील म्हणायचे, मुंबई आपली झाली की इथला कारभार आपल्या हातात येईल.

आणि तो आला. संयुक्त महाराष्ट्र समितीने १९५७ साली मुंबई महापालिका जिंकली आणि १९५८ मध्ये कॉम्रेड मिरजकर या शहराचे महापौर झाले. राज्य मिळायला १ मे १९६० उजाडावा लागला. म्हणजे ज्या माणसांनी गोळ्या झेलल्या, त्यांच्या हाती राज्याच्या आधी महापालिका आली होती. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. शाळा, दवाखाने, नळ, गटारं, बाजार, म्हणजे कामगाराच्या घराला रोज ज्याची गरज लागते ते सगळं तिथंच ठरत होतं.

आज त्या सभागृहात कोणी नाही. २१ फेब्रुवारी २०१७ ला आपण नगरसेवक निवडले. त्यांची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली आणि तेव्हापासून प्रशासक, म्हणजे सरकारने नेमलेले अधिकारी, आहेत. आधी इक्बालसिंह चहल, आता भूषण गगराणी. महापौर नाही, खर्चाला मंजुरी देणारी स्थायी समिती नाही, २२७ प्रभागांपैकी एकालाही निवडून दिलेला माणूस नाही. आपलंच नव्हे, पुणे, ठाणे, नाशिक, नागपूर सगळीकडे हेच. नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, छत्रपती संभाजीनगरात तर २०२० पासून. घटनेच्या २४३-यू कलमात स्वच्छ लिहिलं आहे की पालिकेची मुदत पाच वर्षं आणि ती संपायच्या आत निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने हे कलम आणलं ते अशी टाळाटाळ होऊ नये म्हणूनच.

दोष एकाच बाजूचा नाही, आणि मी ते एकाच बाजूवर टाकणार नाही. ओबीसी आरक्षणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला, तो गंभीर होता, त्याचा निकाल लागणं गरजेचं होतं. पण त्याच काळात महाविकास आघाडीच्या सरकारने प्रभाग २२७ चे २३६ केले. सत्ता बदलल्यावर शिंदे सरकारने ऑगस्ट २०२२ मध्ये ते पुन्हा २२७ केले. तेही प्रकरण न्यायालयात. दोघांनीही आपापल्या सोयीच्या रेषा आखायचा प्रयत्न केला आणि त्या रेषांच्या भांडणात आपलं मत अडकलं.

माझी लेक वीस वर्षांची आहे. मे महिन्यात तिने लोकसभेला मत दिलं, काल विधानसभेला. महापालिकेचं मत तिने आयुष्यात दिलेलं नाही. काल रात्री जेवताना विषय निघाला तेव्हा तिने आजीला विचारलं, "आजी, तुमच्या वेळी नगरसेवकाकडे लोक नक्की कशासाठी जायचे?" आई म्हणाल्या, "अगं, सगळ्यासाठीच." आणि मग तासभर त्या सांगत राहिल्या. पावसाळ्याआधी नाल्यातला गाळ. चाळीच्या संडासांची दुरुस्ती. बालवाडीला जागा. मलेरियाची साथ आली की फवारणी. नळाला गढूळ पाणी आलं तेव्हा चाळीतल्या बायका बाटल्या भरून नगरसेवकाच्या दारात गेल्या होत्या आणि तो त्यांच्याबरोबर चालत विभाग कार्यालयात आला होता. मटकीची उसळ पानात गार झाली तरी कोणी उठलं नाही.

इथं मला बायकांबद्दल बोलायचं आहे, कारण ही गोष्ट कोणी बोलत नाही. २०१२ च्या निवडणुकीपासून मुंबई महापालिकेत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव झाल्या. २२७ पैकी ११४. आता २०१९ च्या विधानसभेकडे पाहा. २८८ आमदारांत स्त्रिया निवडून आल्या होत्या अवघ्या २४. अख्ख्या महाराष्ट्रातून २४, आणि एकट्या मुंबई महापालिकेत किमान ११४! त्यांतल्या काही कोणाच्या तरी पत्नी किंवा सुना म्हणून उभ्या केल्या गेल्या, हे मला माहीत आहे. पण मी बचत गटातून, शाळेच्या पालकसभेतून, भजनी मंडळातून पुढे आलेल्या बायकाही सभागृहात उभं राहून अधिकाऱ्यांना प्रश्न विचारताना पाहिल्या आहेत. आमच्या भागातल्या एका बाई पहिल्या वर्षी लिहून आणलेलं वाचायच्या. तिसऱ्या वर्षी त्या अंदाजपत्रकातले आकडे तोंडपाठ सांगत होत्या. घर चालवणारीला पाणी कधी येतं, कचरा कधी उचलतात, दवाखान्यात औषध आहे की नाही, हे कोणी शिकवावं लागत नाही. राजकारणात शिरायला आम्हाला एवढा एकच दरवाजा खरोखर उघडा होता. तो अडीच वर्षांहून जास्त काळ बंद आहे आणि त्यावर एकाही पक्षाच्या महिला आघाडीने रस्ता अडवला नाही, याचा मला राग आहे.

प्रचारात बायकांची आठवण सगळ्यांना झाली. लाडकी बहीण योजनेतून महिन्याला दीड हजार मिळताहेत, एक बाजू एकवीसशे देणार म्हणाली, दुसरी तीन हजार. त्या पैशांना मी कमी लेखत नाही. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या ताईंनी त्यातून मुलीच्या क्लासची फी भरली आणि ते सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता. पण आमच्या वस्तीत आलेल्या एकाही उमेदवाराच्या तोंडून महापालिका निवडणुकीची तारीख हा शब्द निघाला नाही. "बटेंगे तो कटेंगे" ऐकलं, "एक हैं तो सेफ हैं" ऐकलं, कोण गद्दार आणि कोण खुद्दार हे ऐकून कान किटले.

आमच्या ह्यांचं मत वेगळं आहे, आणि ते एकटे नाहीत, अनेकांना तसं वाटतं. ते म्हणतात, नगरसेवक नाहीत तेच बरं, टक्केवारी तरी थांबली, अधिकारी शिकलेले असतात, कामं पटापट होतात. मी त्यांना क्रॉफर्डची गोष्ट सांगितली. आर्थर क्रॉफर्ड १८६५ ते १८७१ मुंबईचा म्युनिसिपल कमिशनर होता. हुशार, धडाडीचा माणूस. त्याच्या काळात शहराची स्वच्छता सुधारली, मोठी मंडई उभी राहिली, जिला आपण अजूनही त्याच्याच नावाने ओळखतो. कारभार मात्र जवळजवळ त्याच्या एकट्याच्या हातात होता, आणि खर्चाला धरबंध उरला नाही. १८७१ मध्ये करदाते पेटून उठले. त्या वादात तरुण फिरोजशहा मेहतांनी सांगितलं ते असं की प्रश्न या अधिकाऱ्याच्या गुणदोषांचा नसून त्याच्यावर लोकांनी निवडलेल्यांचा अंकुश असण्याचा आहे. त्यातून १८७२ चा कायदा आला आणि ६४ पैकी ३२ सदस्य करदात्यांनी निवडायचे ठरले. पुढे १८८८ चा कायदा झाला, ज्यावर पालिका आजही चालते. त्याच फिरोजशहांचा पुतळा पालिकेच्या इमारतीसमोर उभा आहे. आणि क्रॉफर्डच्या मंडईला आपण नाव दिलं महात्मा जोतिबा फुल्यांचं, ज्यांनी पुण्याच्या नगरपालिकेत बसून व्हाइसरॉय लिटनच्या स्वागताच्या खर्चाला विरोध केला होता.

म्हणजे चांगला अधिकारी आहे म्हणून लोकप्रतिनिधी नको, हा युक्तिवाद या शहराने दीडशे वर्षांपूर्वीच ऐकला आणि नाकारला. तेव्हा तर आपण गुलाम होतो. आज पालिकेचं यंदाचं अंदाजपत्रक ५९,९५४ कोटींचं आहे. ते मांडणारे अधिकारी आणि मंजूर करणारेही अधिकारी. सिमेंट काँक्रीटच्या रस्त्यांसाठी सहा हजार कोटींची कामं निघाली. असे प्रस्ताव पूर्वी स्थायी समितीपुढे यायचे, विरोधक कागद मागायचे, दुसऱ्या दिवशी पेपरात यायचं. भ्रष्टाचार होता, नाही कुठं म्हणते? पण पाच वर्षांनी त्या माणसाला घरी बसवायची ताकद माझ्या बोटात होती. अधिकाऱ्याची बदली होते, आणि तीही मला विचारून नाही.

आमदाराकडे जा, असंही काही जण सांगतात. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख होती. ३६ आमदार, म्हणजे एकेकाच्या वाट्याला सरासरी साडेतीन लाख माणसं. नगरसेवकाच्या वाट्याला पंचावन्न हजार. आमदाराचं काम कायदे करणं आहे. आमच्या गल्लीतल्या गटाराच्या झाकणासाठी त्याने अधिवेशन सोडून यावं अशी माझी अपेक्षाही नाही.

काल मुंबई शहर जिल्ह्यात मतदान पन्नाशीच्या थोडंसं वर जाऊन थांबलं. हुतात्मा चौक ज्या कुलाबा मतदारसंघात येतो, तिथं पन्नास टक्केही झालं नाही. लोकांना दूषणं देणं सोपं आहे, मी देत नाही. ज्या मतामुळे आपल्या दारापुढचा रस्ता बदलतो ते मत द्यायची वेळच येत नसेल, तर हळूहळू माणसाची सवय सुटते. आई शहाऐंशीच्या आहेत. पंच्याऐंशीच्या वरच्यांना घरून मतदानाची सोय होती, ती त्यांनी नाकारली. नातीचा हात धरून केंद्रावर गेल्या. "मला रांगेत उभं राहायचंय," एवढंच म्हणाल्या.

शनिवारी निकाल आहे. आमच्या इमारतीतल्या आणि मागच्या दोन चाळींतल्या बायका मिळून आम्ही एक पत्र तयार करतो आहोत. जो कोणी आमच्या मतदारसंघातून निवडून येईल, त्याच्या किंवा तिच्या हातात ते पहिल्याच आठवड्यात द्यायचं ठरलं आहे, पक्ष कुठलाही असो. मागण्या साध्या आहेत. महापालिका निवडणूक कधी, हे पहिल्याच अधिवेशनात उभं राहून विचारा आणि सरकारने न्यायालयात काय भूमिका घेतली आहे ते आम्हाला येऊन सांगा. तोपर्यंत विभाग कार्यालयात महिन्यातून एकदा नागरिकांची जाहीर बैठक व्हावी आणि तिथं दिलेल्या उत्तरांची नोंद फलकावर लागावी. मसुदा लेक टाइप करते आहे, रविवारी सकाळी सह्या घेऊ. लालबाग-परळ भागातल्या कोणाला सही करायची असेल तर मला निरोप पाठवा, कागद घेऊन आम्ही घरी येऊ. दुसऱ्या भागातल्यांना हवा असेल तर मसुदा पाठवते, त्यात आपापल्या मतदारसंघाचं नाव घाला.