थ्री बीएचके आणि अकरा महिने

पिंपरी-चिंचवडमधल्या रावेत, पुनावळे, ताथवडे या पट्ट्यात भाड्याने थ्री बीएचके शोधणारे बरेचसे आमच्यासारखेच असतात. सासू-सासरे गावाकडून कायमचे राहायला आलेले, एक पोरगं पहिलीत, एक आठवीत, आणि घरातल्या प्रत्येकाला लावून घ्यायला एक दार हवं असतं. अशा भरल्या घराच्या हातात एजंट न विचारता अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट ठेवतो. माझं म्हणणं एवढंच आहे, की ते घेऊ नका. छत्तीस महिने मागा.

अकराच का, असं विचारलं की "तसंच असतं मॅडम" हे ठरलेलं उत्तर मिळतं. मुळात १९०८ च्या नोंदणी कायद्यात वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला नोंदणीची सक्ती नव्हती, तिथून ही पळवाट आली. महाराष्ट्रात ती केव्हाच बंद झाली. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ सांगतं, की करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृतच हवा. नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती केली नाही आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. थोडक्यात, अकरा महिन्यांत वाचत काहीच नाही.

वाचत नाहीच, उलट जातं. भाडं ३५ हजार, डिपॉझिट एक लाख धरा, वार्षिक वाढ बाजूला ठेवा. छत्तीस महिन्यांच्या करारावर पाव टक्क्याने मुद्रांक शुल्क सव्वातीन हजारांच्या आसपास, महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. अकरा-अकराचे तीन करार केलेत तर दर वेळी शुल्क आणि फी मिळून साधारण दोन हजार, म्हणजे सहा हजार देऊन तेहेतीसच महिने. एजंटचे रिन्युअलचे पैसे वेगळे. आणि घर बदलावं लागलं तर नवं ब्रोकरेज, पॅकर्स-मूव्हर्स, शिवाय सासूबाईंच्या लाकडी कपाटाचा एखादा पाय.

शाळेचं गणित तर कुणी मांडतच नाही. १ जूनला केलेला करार एप्रिलअखेर संपतो, पुढचा मार्चअखेर, तिसरा थेट फेब्रुवारीअखेर. म्हणजे दहावी-बारावीच्या ऐन मोसमात विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. आठवीतलं पोर तेव्हा दहावीत असतं.

मालकांची भीती मला कळते. "जास्त दिवस राहिले की घर बळकावतात" हे पागडीच्या काळापासून डोक्यात बसलंय. पण लीव्ह अँड लायसन्समध्ये, म्हणजे ठरावीक मुदतीपुरतं घर वापरायला देणाऱ्या या करारात, मुदत संपल्यावर घर सोडलं नाही, तर मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि भाडं दुपटीने लागू होतं. त्याच भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २४ त्यासाठीच आहे. त्यात मुदत अकरा महिन्यांची की छत्तीसची, हा भेद नाही.

फक्त पहिल्या पानावर ३६ आकडा बघून खूश होऊ नका. आतल्या कलमात "मालक एक महिन्याच्या नोटिशीने करार संपवू शकतो" असं असेल, तर ते तीन वर्षं नावापुरतीच. लॉक-इन, म्हणजे करार मोडता न येण्याचा सुरुवातीचा काळ, दोघांनाही असावा. त्यानंतर मालकाची नोटीस किमान तीन महिन्यांची मागा. आजी-आजोबांसकट घर हलवायला तेवढा वेळ लागतोच.

मेंटेनन्स कोण भरणार, हेही कागदावर घ्या. इकडे पालिकेचं पाणी नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड येतं. पाऊस चांगला झाला तरी मे महिन्यात टँकर ठरलेले, आणि त्याचं बिल सोसायटी सगळ्यांवर वाटते. मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून लागणारा नॉन-ऑक्युपन्सी चार्ज मात्र सोसायटी आपल्या सभासदाकडून घेते, म्हणजे मालकाकडून, आणि तोही सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांपर्यंतच. तो तुमच्या गळ्यात घालायचा प्रयत्न होईल. होतोच.

शेवटी हे सगळं बोलण्यावर असतं. आमच्या मालकांना तीन वर्षांचं ऐकून आधी आश्चर्य वाटलं, मग दर वर्षी ब्रोकरेज वाचतंय हे त्यांच्याही लक्षात आलं. काका म्हणाले, "तीन वर्षं देतो, पण वाढ पाच टक्के नाही, सात." सहावर जमलं.