ट्रंक घ्यायचीय? मग कोटेशनचा शेवटचा आकडा तेवढा बघा

समजा, तुमचे भोसरीत पंपांच्या स्पेअर पार्ट्सचे ऑफिस आणि मागे गोदाम आहे. माणसे बारा, टेबले नऊ. कोपऱ्यातल्या ज्या ईपीएबीएक्सवर (टेबलांवरचे फोन आपसांत आणि बाहेर जोडणाऱ्या डब्यावर) सगळी मदार, तिची नस ओळखणारा मिस्त्री धंदा सोडून गावी द्राक्षे लावायला गेलाय. अशात कुणीतरी सांगितले की इंटरनेटवरून चालणारी एसआयपी ट्रंक, म्हणजे ऑफिसचे फोन बाहेर जोडणारी लाइन, घ्या, स्वस्त पडते. खरे आहे, पडते. निवडायची कशी ते मात्र त्याने सांगितले नसेल. ते मी सांगतो. चार ऑफिसांतले फोन बंद पडताना जवळून पाहिलेत, त्यातले एक माझेच.

पहिले म्हणजे, ही ट्रंक नेमकी काय असते ते समजून घेऊ नका. समजले की प्रश्न सुचतात आणि प्रश्न विचारले की सेल्सवाल्याचा चेहरा उतरतो. बिचारा उन्हातून आलेला असतो. पूर्वी पीआरआय नावाची ऑफिसांसाठीची डिजिटल लाइन घेतली की 2 एमबीपीएसच्या त्या लाइनीत 30 चॅनल असायचे. आता जेवढे लागतील तेवढे घ्या. चॅनल म्हणजे एका वेळी बाहेरचा एक फोन, बस. तुम्हाला किती लागतील हे कळायला सोमवारी अकरा ते एक रिसेप्शनवर वहीत रेघा ओढाव्या लागतील. एवढी उस्तवार कोण करतो? ‘किती घेऊ सर?’ विचारले की टेबले मोजा, नऊ म्हणा. वाटले तर शुभ म्हणून अकरा करा.

दराची घासाघीस मात्र जीव तोडून करा. मिनिटाला पाच पैसे कमी करून घेतले की चहा मागवा. पल्स, म्हणजे बिल मोजायचे माप, सेकंदाचा की मिनिटाचा, हे विचारायचे राहिले तर राहू द्या. टेम्पोवाल्याला ‘निघालास का रे?’ आणि त्याचे ‘हो’ यात सात सेकंद जातात. तुम्ही साठ सेकंदांचे पैसे भराल. वर 18 टक्के जीएसटी आहेच.

आता इंटरनेट. मोठ्या कंपन्या बहुतेक वेळा ट्रंक स्वतःच्या वेगळ्या वायरीवरून आणून देतात आणि तिचे पैसे लावतात. ही उधळपट्टी. तुम्ही असलेल्या ब्रॉडबँडवर चालणारी घ्या, आणि ‘300 एमबीपीएसचा प्लॅन आहे’ हे छाती काढून सांगा. प्रत्यक्षात साध्या जी.711 कोडेकने (कोडेक म्हणजे आवाज आकड्यांत बदलून पाठवायची पद्धत) एका कॉलला जायला-यायला प्रत्येकी 90 केबीपीएसच्या आसपास लागतात. नऊजण एकदम बोलू लागले तरी एक एमबीपीएस भरत नाही. म्हणजे प्रश्न वेगाचा नाहीच, शिस्तीचा आहे. आवाजाचे तुकडे दर 20 मिलिसेकंदांनी एकामागून एक, न धक्काबुक्की करता पोचायला हवेत. एका बाजूचा उशीर 150 मिलिसेकंदांच्या वर गेला की दोघेही एकदम बोलतात आणि मग दोघेही एकदम थांबतात. पण मालकाला घरबसल्या गोदामातली मांजर दिसावी म्हणून सहा कॅमेरे त्याच लाइनीवर चोवीस तास चित्र वर ढकलत असतात. राउटरला सांगून आवाजाला पुढे काढता येते. सांगू नका. मांजर महत्त्वाची.

कोडेकवरही डोके शिणवू नका. जी.729 आवाज 8 केबीपीएसमध्ये दाबून बसवतो, त्यामुळे ‘जागा वाचते’. तशीही फोनवर एस आणि एफ यांची गल्लत होते, दाबल्यावर आणखी होते. तुमच्याकडे पार्ट नंबर फोनवरूनच सांगतात ना? मग मजा येईल.

यानंतर येईल तो दिवस, ज्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. फोन वाजेल. तुम्ही उचलाल. तुम्हाला गिऱ्हाईक ऐकू येईल, गिऱ्हाइकाला तुम्ही नाही. तो ‘हॅलो, हॅलो’ करील, मग हॅलोच्या जागी दुसरे शब्द येतील आणि ते तुम्हाला स्वच्छ ऐकू येतील. बऱ्याचदा कारण फुटकळ असते: राउटरमध्ये एसआयपी एएलजी नावाची सोय कारखान्यातूनच चालू असते. ती मदत करायला जाते आणि पत्त्यांचा घोळ घालते. एक टिकमार्क काढायचा असतो. तो सापडायला मला पूर्ण आठवडा लागला, कारण ट्रंकवाले म्हणत राउटर बघा, राउटरवाले म्हणत ट्रंक बघा, आणि ब्रॉडबँडवाले म्हणत, सर, स्पीड तर येतोय. तेव्हा सल्ला असा की तिन्ही गोष्टी तीन वेगळ्या लोकांकडून घ्या. आणि सही करण्याआधी दोन चॅनल आठवडाभर चालवून बघू का, असे चुकूनही विचारू नका. बरेच जण हो म्हणतात.

करारात 99.5 टक्के अपटाइम, म्हणजे लाइन चालू राहण्याची हमी, लिहिलेला असेल. दहावीत पोराला एवढे पडले असते तर आपण पेढे वाटले असते, तेव्हा फोनला कसले टोकायचे? उरलेला अर्धा टक्का म्हणजे महिन्याला तीन तास छत्तीस मिनिटे. ती सोमवारी सकाळीच यायची नाहीत, असे कुठे लिहिलेले नाही. भरपाई म्हणून त्या वेळेचे भाडे परत मिळते. गेलेल्या ऑर्डरचे नाही.

तांब्याच्या जुन्या लाइनीला वीज एक्सचेंजमधून यायची, 48 व्होल्ट, म्हणून अंधारातही डायल टोन असायचा. आता फायबरचा डबा, राउटर, स्विच, ईपीएबीएक्स, टेबलावरचे फोन, सगळ्यांना आपापली वीज लागते. गुरुवारी महावितरणचे देखभालीचे काम निघते हे पुण्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तरी यूपीएसवर बिलाचा कॉम्प्युटर आणि गणपतीसमोरची दिव्यांची माळ एवढेच ठेवा.

गुरुवारी औद्योगिक सुट्टी, म्हणजे बुधवार रात्र ते शुक्रवार सकाळ ऑफिस रिकामे. हा मुहूर्त तुमच्याआधी दुसऱ्यांना कळतो. 5060 या पोर्टावर, म्हणजे एसआयपीच्या नेहमीच्या दारावर, जगभरातून रात्रंदिवस कुणीतरी कडी वाजवून बघत असते. तुमच्या 101 नंबरच्या एक्स्टेंशनचा पासवर्डही 101 आहे, लक्षात राहायला सोपा म्हणून. आयएसडी चालू आहे, कारण भाचा कॅलिफोर्नियात असतो (तो व्हॉट्सॲपवरच बोलतो, ते सोडा). मग रात्रभर तुमच्या पैशाने अशा देशांना फोन जातात जे नकाशात शोधावे लागतील, आणि त्या महागड्या नंबरांच्या कमाईत चोराचा वाटा असतो. दिवसाच्या खर्चाला मर्यादा घालता येते का, ट्रंक फक्त तुमच्याच इंटरनेटच्या पत्त्यावर (आयपीवर) बांधता येते का, हे विचारणे म्हणजे अविश्वास दाखवणे. विचारू नका. ‘झालेला वापर आपलाच समजला जाईल’ हे वाक्य कराराच्या सातव्या पानावर असते. तिथवर कुणी जात नाही.

नंबराचे बोलायचे राहिले. मोबाइलचा नंबर 2011 पासून देशभर कंपनी बदलली तरी टिकतो. ऑफिसच्या 020 वाल्या लँडलाइनचे तसे गृहीत धरू नका, असे शहाणी माणसे सांगतात. तुम्ही खुशाल धरा. आधी नव्या नंबराच्या पाच हजार कार्डांची, बिलबुकांची आणि टेम्पोवरच्या पाटीची ऑर्डर द्या, मग कंपनीला विचारा, सोडून गेलो तर हा नंबर कुणाचा.

तक्रार नोंदवायचा नंबर सही करण्याआधी एकदा रात्री नऊला लावून पाहावा, असेही एक जुने खूळ आहे. दहा मिनिटे आणि एका फोनचा खर्च. त्यापेक्षा सेल्सवाल्याचा मोबाइल घेऊन ठेवा. तो म्हणालाच आहे, ‘सर, कधीही करा.’ लागला नाही तर समजा की त्याची बदली झाली.

बाकी काळजी नसावी. सोमवारी अकराला नऊच्या नऊ फोन मुके झाले की तुमच्या खिशातला वाजू लागेल. शटरवर पेंटरने लाल अक्षरांत काढलेला तुमचा मोबाइल नंबर सगळ्या गिऱ्हाइकांना पाठ आहे, आजवर धंदा त्याच्यावरच चाललाय. पहिला फोन कुणा नव्या नंबरावरून येईल. आवाज गोड असेल.

‘सर, मी तुमचा नवीन रिलेशनशिप मॅनेजर. ऑफिसला सकाळपासून लावतोय, कुणी उचलतच नाही. रिन्यूअलचं जरा बोलायचं होतं.’