मुंग्या दाण्याचे तुकडे करून साठवतात? नाही, अख्खे साठवतात

ते मुंग्यांचं फॉरवर्ड परत फिरायला लागलंय. मुंग्या धान्य वारुळात नेताना प्रत्येक दाण्याचे दोन तुकडे करतात म्हणजे तो पावसात उगवत नाही, आणि धणा अर्धा केला तरी उगवतो म्हणून त्याचे मात्र चार करतात, शास्त्रज्ञ थक्क वगैरे वगैरे. खाली जोडून, काळी मुंगी गरीब, लाल तेवढी चावते. मुंग्या बघायला नुकतीच सुरुवात केलेली पोरं हेच डोक्यात घेऊन बसतात आणि समोर चाललेलं त्यांना दिसतच नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं, म्हणून लिहितेय.

"अर्धा दाणा उगवत नाही." सरसकट खोटं. गहू, मका, भात, यांचा अंकुर दाण्याच्या एका टोकाला असतो, बाकीचा सगळा त्याचा खाऊ. मधोमध तोडला तरी अंकुराकडचा अर्धा भाग उगवू शकतो. धण्याचं म्हणाल तर एक धणा म्हणजे मुळातच दोन बिया चिकटलेल्या, म्हणून तर पेरायच्या आधी तो रगडून फोडतात. एवढं खरं आहे, पुढची चार तुकड्यांची गोष्ट त्यावर रचलेली.

"साठवण्याआधी तुकडे करतात." बहुतेक मुंग्या धान्य साठवतच नाहीत. ज्या साठवतात त्या म्हणजे मेसॉर आणि पोगोनोमिरमेक्स हे मुंग्यांचे गट, आणि फायडोले गटातल्या काही जाती. यांच्या वारुळाच्या तोंडाशी बसून बघा, एकेक मुंगी स्वतःपेक्षा मोठं गवताचं बी जबड्यात धरून मागे मागे सरकत नेते, बी अख्खं असतं, आत त्याचा कोंडा निघतो आणि तो बाहेर तोंडाभोवती गोल ढिगात येऊन पडतो. लोकांना दिसतात ती याच ढिगातली फुटकी टरफलं, दाणे नव्हेत! पाऊस उघडला की ओले झालेले दाणे बाहेर आणून उन्हात पसरतात तेव्हा भिंगातून बघा, अख्खेच दिसतील.

मग ते उगवत कसे नाहीत? एक तर कोठ्या कोरड्या, आणि दुसरं म्हणजे कोंब फुटलाच तर मुंग्या त्याचं मूळ कुरतडतात, १८७३ मध्ये जॉन मॉग्रिज या इंग्रज निसर्ग अभ्यासकाने दक्षिण फ्रान्सच्या मुंग्यांबद्दल हे लिहून ठेवलंय. तरीही काही बिया निसटतात आणि वारुळाच्या कडेला उगवतात. उलट ११,००० हून जास्त जातींच्या वनस्पतींनी बीला एक चरबीचा गोळा लावून ठेवलाय, मुंग्या तो गोळा खातात आणि बी धडधाकट कचऱ्यात टाकतात म्हणजे जवळपास पेरतातच, आणि आपण म्हणतोय मुंगी बी उगवू देत नाही.

आणखी एक, पूर्ण वाढ झालेली मुंगी घट्ट अन्न गिळूच शकत नाही, तिच्या तोंडातली एक पिशवी घट्ट कण अडवते आणि पोटात फक्त रस जातो. म्हणून दाणे चावून त्यांचा लगदा करतात, घट्ट शिकार बऱ्याचदा अळ्यांना भरवतात, आणि पोटात साठवलेला रस तोंडातून एकमेकींना देतात. दोन मुंग्या तोंडाला तोंड लावून थांबलेल्या दिसल्या तर बहुतेक वेळा हेच चाललेलं असतं.

"काळी चावत नाही." टेट्रापोनेरा नावाची सडपातळ काळी मुंगी झाडावर असते, तिचा डंख एकदा बसला की हा मुद्दा संपतो. आणि झाडावर पानं शिवून घरटं करणारी लाल मुंगी कडकडून चावते, आम्ल सोडते, पण तिला नांगीच नाही. रंगावरून जात ठरत नाही. कंबर बघा, तिथे एक गाठ आहे की दोन, पाठीवर काटे आहेत का. फायडोलेत तर एकाच वारुळात मोठ्या डोक्याच्या आणि छोट्या डोक्याच्या मुंग्या सापडतात, त्या दोन जाती समजू नका.

खाण्याचं बघायचं असेल तर मुंग्यांच्या वाटेजवळ कागदावर साखरेच्या पाण्याचा थेंब, उकडलेल्या अंड्याचा कण आणि थोडं गवताचं बी वेगवेगळं ठेवा, आणि थोडा वेळ हलू नका. जात ओळखायला फोटो काढायचा तर वरून नको, बाजूने काढा, कंबर दिसेल असा, आणि ती काय उचलून नेत होती तेही सोबत लिहा.