‘ऑपरेटिंग सिस्टीमची ओळख’ या अभ्यासक्रमावरील आपल्या अभिप्रायास संचालकांचे उत्तर

नमस्कार.

आमच्या बारा आठवड्यांच्या ऑनलाइन अभ्यासक्रमाला आपण पाचपैकी दोन स्टार दिले आणि नुसती नाराजी न नोंदवता कारणेही सविस्तर लिहिली, त्याबद्दल आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे: चाचणीतले आपले बरोबर उत्तर चूक ठरवले गेले आणि त्यावर विचारलेल्या शंकेला नऊ दिवसांनी एका ओळीचे उत्तर आले, चौथ्या आठवड्याच्या प्रात्यक्षिकात आपला लॅपटॉप बंद पडल्यासारखा झाला, विंडोज टाकणे किंवा दुरुस्त करणे यांतले काहीच शिकवले नाही, पाचव्या आणि सहाव्या आठवड्याचे धडे ‘निव्वळ पुस्तकी’ असून त्यांतले मराठी शब्द विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिकेशी जुळत नाहीत, आणि या सगळ्यामुळे फी परत मिळावी. यांतल्या बहुतेक मुद्द्यांवर चूक आमची आहे. एका मुद्द्यावर मात्र मी आपल्याशी सहमत नाही, आणि तेही इथे मोकळेपणाने लिहिणे मला आवश्यक वाटते.

सुरुवात चाचणीतल्या प्रश्नापासून करतो, कारण तिथे आमच्या बाजूने बोलण्यासारखे काहीच नाही. प्रश्नातला प्रोग्राम चार ओळींचा होता: आधी प्रिंटएफ या छापण्याच्या आज्ञेने ‘नमस्कार’ छापायचे, मग फोर्क, म्हणजे चालू प्रोग्रामची दुसरी प्रत सुरू करणारी आज्ञा, बोलावायची आणि प्रोग्राम संपवायचा. ‘नमस्कार’ किती वेळा उमटेल, असा प्रश्न होता. आपण ‘दोनदा’ लिहिले. आमच्या उत्तरतालिकेत ‘एकदा’ होते. आपला अभिप्राय वाचल्यावर मी स्वतः तो प्रोग्राम जसाच्या तसा उतरवून चालवला आणि पडद्यावर ‘नमस्कारनमस्कार’ असे सलग उमटले. कारण आपण आपल्या शंकेत अचूक मांडले होते. प्रिंटएफला दिलेला मजकूर लगेच बाहेर जात नाही, तो प्रोग्रामच्या स्वतःच्या मेमरीतल्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्याच्या जागेत, थांबतो. पडद्यावर छापताना ओळ संपल्याचे चिन्ह आले की तो बफर रिकामा होतो, पण आमच्या मजकुराच्या शेवटी ते चिन्हच नव्हते. फोर्कने नवी प्रोसेस (चालू स्थितीतला प्रोग्राम) तयार होते तेव्हा मूळ प्रोसेसच्या मेमरीची प्रत तिला मिळते, म्हणजे भरलेला बफरही मिळतो, आणि दोन्ही प्रोसेस संपताना आपापला बफर रिकामा करतात.

प्रश्न काढणाऱ्या प्राध्यापकांच्या कच्च्या मसुद्यात ओळ संपल्याचे चिन्ह होते. प्रश्न संकेतस्थळावर चढवताना ते गळले आणि उत्तर मात्र जुनेच राहिले. गंमत अशी की ते चिन्ह असते तरी आमचे उत्तर अर्धेच बरोबर ठरले असते. तोच प्रोग्राम चिन्हासह चालवून त्याचा निकाल पडद्याऐवजी फाइलमध्ये वळवला, तर फाइलमध्ये ‘नमस्कार’ पुन्हा दोनदाच सापडते, कारण ओळीगणिक बफर रिकामा करण्याची सोय पडद्यासाठी असते, फाइलसाठी नसते. तेव्हा हा प्रश्न नुसता दुरुस्त न करता आम्ही नव्याने लिहिला आहे. या तुकडीतल्या ज्या विद्यार्थ्यांनी ‘दोनदा’ लिहिले होते त्या सर्वांना गुण देण्यात आले आहेत आणि ते गुणपत्रकात दिसू लागले आहेत.

आपल्या शंकेला ‘उत्तरतालिका बरोबर आहे’ एवढेच उत्तर मिळाले, हे मला उत्तरतालिकेच्या चुकीपेक्षा जास्त खटकते. ज्या साहाय्यकाने ते लिहिले त्याने प्रोग्राम चालवून पाहिला नव्हता. दोन मिनिटांचे काम होते. नऊ दिवसांचा उशीर दिवाळीच्या सुट्टीमुळे झाला हे खरे असले तरी सुट्टी आम्हाला आधीपासून ठाऊक होती आणि तशी सूचना आम्ही लावली नव्हती. यापुढे उत्तरतालिकेवरची हरकत साहाय्यकाकडे न जाता थेट प्रश्न काढणाऱ्याकडे जाईल.

लॅपटॉपबद्दल. आपल्याकडे चार जीबी मेमरीचा, फिरत्या हार्ड डिस्कचा लॅपटॉप आहे, आणि आमच्या सूचनापत्रात व्हर्च्युअल मशीनला (संगणकाच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकाला) दोन जीबी द्यावेत असे सरसकट लिहिले होते. आपण सूचना तंतोतंत पाळल्या आणि त्यामुळेच अडचणीत आलात. विंडोज, ब्राउझर आणि उघडा असलेला आमचाच व्हिडिओ यांना मिळून दोन जीबी उरले. ते पुरले नाहीत की ऑपरेटिंग सिस्टीम मेमरीतली काही पाने, म्हणजे ठरावीक आकाराचे तुकडे, डिस्कवर ठेवते आणि गरज पडली की परत आणते. मेमरीतून वाचायला साधारण शंभर नॅनोसेकंद लागतात, तर फिरत्या डिस्कवरून एक पान आणायला काही मिलिसेकंद, म्हणजे दहा हजारांहून अधिक पटींनी जास्त वेळ. पाने आणण्यातच सगळा वेळ जाऊ लागला की प्रोसेसर जवळजवळ रिकामा बसतो आणि यंत्र मात्र हलत नाही. डिस्कचा दिवा अखंड पेटलेला होता आणि माउसचा बाण अडखळत सरकत होता, असे आपण लिहिले आहे. आठव्या आठवड्यात ‘थ्रॅशिंग’ या नावाने आम्ही जे शिकवतो ते याहून चांगले वर्णन करून सांगता येणार नाही. अर्थात ते विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात दाखवण्याची ही रीत नव्हे.

सूचनापत्र आता बदलले आहे. चार जीबीच्या यंत्रांसाठी खिडक्या-चिन्हे नसलेले, फक्त अक्षरांच्या पडद्याचे लिनक्स (विंडोजसारखीच दुसरी एक ऑपरेटिंग सिस्टीम) दिले आहे, ज्याला ५१२ एमबी पुरतात. आणि ज्यांना आपल्या यंत्रावर काहीच बसवायचे नाही त्यांनी एसएसएचने, म्हणजे दुरून दुसऱ्या संगणकावर काम करण्याच्या सुरक्षित सोयीने, आमच्या सर्व्हरवर येऊन प्रात्यक्षिक करावे. ही सोय पहिल्या दिवसापासून असायला हवी होती. द्वितीय वर्षाच्या मुलांकडे घरातला जुना लॅपटॉप असतो, हे आम्हाला नवीन नाही.

आता विंडोजबद्दल, जिथे आपण अर्धे बरोबर आहात. आमच्या नोंदणीच्या पानावर ‘तुमच्या संगणकावर पूर्ण प्रभुत्व मिळवा’ असे वाक्य होते. ते वाचून कोणालाही वाटेल की संगणक नीट बसवणे, अडला तर सोडवणे हे शिकवले जाईल. ते वाक्य जाहिरातीच्या सोसापायी लिहिले गेले, ते मी वाचून मंजूर केले होते, आणि ते आता काढले आहे. त्या जागी, या अभ्यासक्रमात विंडोज टाकायला किंवा दुरुस्त करायला शिकवले जात नाही, असे स्वच्छ लिहिले आहे.

मात्र अभ्यासक्रम तसा बदलावा ही आपली सूचना मला मान्य करता येणार नाही. विंडोज टाकणे हे पोटापाण्याला उपयोगी कौशल्य आहे आणि त्याचे चांगले वर्ग गावोगावी आहेत. पण महाविद्यालयात ऑपरेटिंग सिस्टीम या नावाने जो विषय आहे तो वेगळा आहे. एकाच प्रोसेसरवर पन्नास प्रोग्राम आपापल्या परीने एकटे असल्यासारखे कसे चालतात, एकाने दुसऱ्याच्या मेमरीत हात घालू नये म्हणून काय केले जाते, फाइल जतन होत असतानाच वीज गेली तर काय उरते, हे त्यात शिकायचे असते. ते शिकण्यासाठी आतला कोड उघडून बदलून पाहावा लागतो, आणि विंडोजचा कोड तसा सर्वांना खुला नाही. लिनक्सचा खुला आहे, पण त्याच्या ओळी दोन कोटींहून जास्त आहेत. पहिल्याच सत्रात विद्यार्थ्याला त्यात सोडणे म्हणजे पोहायला शिकवताना थेट खाडीत ढकलणे होय. म्हणून आम्ही एक्सव्ही६ ही छोटी ऑपरेटिंग सिस्टीम वापरतो. युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या १९७५ साली आलेल्या सहाव्या आवृत्तीच्या धर्तीवर ती अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत २००६ मध्ये खास विद्यार्थ्यांसाठी लिहिली गेली, आणि तिचा गाभा एका सत्रात वाचून होण्याइतका लहान आहे. ती आपण रोज वापरणार नाही हे खरेच. पण त्यात फोर्क कसे होते हे एकदा पाहिलेला विद्यार्थी आमची उत्तरतालिका खोडू शकतो, याचे उदाहरण आपण स्वतः आहात.

पाचव्या आठवड्याचे सेमाफोर आणि म्युटेक्स (सामायिक गोष्ट एका वेळी मोजक्याच किंवा एकाच कामाला वापरू देणारी कुलपे) आणि प्रायॉरिटी इन्व्हर्जन (खालच्या अग्रक्रमाच्या कामामुळे वरचे काम अडकणे) हे ‘परीक्षेबाहेर कुठे दिसत नाही’ असे आपण लिहिले आहे. ४ जुलै १९९७ रोजी नासाचे पाथफाइंडर यान मंगळावर उतरले आणि काही दिवसांतच त्यातला संगणक मधूनच स्वतःला रीसेट करू लागला. हवामानाची माहिती गोळा करणारे कमी अग्रक्रमाचे काम एक म्युटेक्स धरून बसे. त्याच म्युटेक्ससाठी वरच्या अग्रक्रमाचे काम थांबून राही. आणि तेवढ्यात मधल्या अग्रक्रमाची कामे येऊन, म्युटेक्स धरलेल्या बिचाऱ्या खालच्या कामाला प्रोसेसरच मिळू देत नसत. वरचे काम वेळेत झाले नाही हे लक्षात येताच देखरेख करणारी यंत्रणा सगळा संगणक पुन्हा सुरू करी. अभियंत्यांनी पृथ्वीवरच्या जुळ्या यंत्रावर हा प्रकार घडवून पाहिला आणि मग त्या म्युटेक्ससाठी प्रायॉरिटी इन्हेरिटन्स (कुलूप धरलेल्या खालच्या कामाला, वाट पाहणाऱ्या वरच्या कामाचा अग्रक्रम तात्पुरता देणे) ही सोय चालू करणारा बदल मंगळावर पाठवला. ती सोय यानातल्या व्हीएक्सवर्क्स या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये आधीपासून होती, फक्त बंद ठेवलेली होती. आमच्या व्हिडिओत ही हकीकत शेवटच्या तीन मिनिटांत येते, बहुतेकांनी धडा सोडून दिल्यानंतर. ती आता धड्याच्या सुरुवातीला आणत आहोत. ‘पुस्तकी’ या शेऱ्यातला खरा भाग तेवढा होता.

परिभाषेचा मुद्दा लहान आहे, पण योग्य आहे. सहाव्या आठवड्यात आमच्या प्राध्यापकांनी एकपदरी पुलावर समोरासमोर आलेल्या दोन एसटींचे उदाहरण देऊन ‘कोंडी’ समजावली. उदाहरण उत्तम होते, पण पूर्ण तासात ‘डेडलॉक’ हा शब्द पडद्यावर एकदाही आला नाही, आणि प्रश्नपत्रिका तर इंग्रजीत असते. म्युच्युअल एक्स्क्लूजन, होल्ड अँड वेट, नो प्रीएम्प्शन आणि सर्क्युलर वेट या डेडलॉक घडण्यासाठी लागणाऱ्या चारही अटी आता त्याच नावांनी पडद्यावर दिल्या आहेत. समजावणे मराठीतच राहील.

राहता राहिली फी. नियमाप्रमाणे नोंदणीपासून चौदा दिवसांत मागितल्यासच ती परत मिळते, आणि आपण सातव्या आठवड्यानंतर मागितली, म्हणून कार्यालयाने नकार कळवला. पण पानावर जे लिहिले आहे ते खरे आहे, असे धरूनच तो नियम केलेला आहे. इथे पानावरचेच वाक्य दिशाभूल करणारे होते, त्यामुळे नियमावर बोट ठेवण्याचा अधिकार आम्हाला राहत नाही. आपली पूर्ण फी, ३,२०० रुपये, ज्या खात्यातून आली त्याच खात्यात सात कामकाजाच्या दिवसांत जमा होईल. याच वाक्यामुळे गैरसमज झाला असे ज्यांना वाटते त्या या तुकडीतल्या इतरांनीही सत्र संपेपर्यंत कार्यालयाला कळवावे. त्यांनाही हाच निर्णय लागू राहील. या परताव्यासाठी अभिप्राय बदलावा अशी आमची मुळीच अपेक्षा नाही.

फी परत गेली तरी आपला प्रवेश बाराव्या आठवड्यापर्यंत चालू ठेवला आहे. चौथ्या आठवड्याचे प्रात्यक्षिक करायचे असल्यास सर्व्हरचे लॉगिन आपल्या नोंदणीच्या ईमेलवर पाठवले आहे. पासवर्ड पहिल्याच वेळी बदलून घ्यावा.

आपला,
संचालक