अ‍ॅपवरचा आकडा म्हणजे सरपंचाच्या हातातला पैसा नव्हे

निवडणूक जवळ आली की गावोगावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. “ई-ग्रामस्वराज अ‍ॅप उघडा, ग्रामपंचायतीला आलेले लाखो रुपये पाहा. सीसीटीव्ही नाहीत, मंडळाला वर्गणी नाही, म्हणजे सरपंचाने पैसा खाल्ला.” जाब विचारायलाच हवा. पण या मेसेजच्या भरवशावर विचारलात, तर सरपंच दोन मिनिटांत हात झटकून मोकळा होतो.

“अ‍ॅपवर दिसते ती रक्कम आलेली आहे.” बहुतेक जण इथेच फसतात. पंचायतींची कामे आणि हिशेब दाखवणाऱ्या या सरकारी अ‍ॅपमध्ये मंजूर कामांची यादी वेगळी आणि आर्थिक प्रगती वेगळी. यादीतले आकडे म्हणजे विकास आराखड्यातले अंदाज. कुदळही न पडलेल्या कामापुढे तिथे तीन लाख दिसू शकतात. लोक त्याच यादीची बेरीज करून स्क्रीनशॉट टाकतात. जमा-खर्च पाहायचा तर आर्थिक प्रगतीत जा. तिथे जमेचा रकाना रिकामा दिसला, तरी निवडणूक रखडून प्रशासक बसला होता का ते आधी तपासा. अशा पंचायतीचा वित्त आयोगाचा, म्हणजे केंद्राकडून येणाऱ्या अनुदानाचा, हप्ताच अडतो.

“सरपंच वाटेल तिथे खर्च करू शकतो.” नाही. 15व्या वित्त आयोगाच्या 2021-22 ते 2025-26 या वर्षांच्या अनुदानात 60 टक्के निधी बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांनाच वापरायचा आहे, निम्मा पाण्यासाठी आणि निम्मा स्वच्छतेसाठी. 10 लाख आले तर 3 लाख पाण्याला, 3 लाख स्वच्छतेला, आणि उरलेल्या अबंधित 4 लाखांत बाकीचे सगळे गाव. त्यातून पगार किंवा कार्यालयीन खर्च करता येत नाही. वर पथदिव्यांचे वीजबिलही याच अबंधित निधीतून भरा, असे राज्याने 2021 मध्ये सांगितले. सीसीटीव्ही यात बसू शकतात, पण ते काम आराखड्यात असायला हवे. मंडळाची वर्गणी या अनुदानात बसतच नाही.

“महिला आणि दिव्यांगांचा राखीव पैसा गायब केला.” महिला व बालकल्याणाचे 10 टक्के, मागासवर्गीयांचे 15 आणि दिव्यांगांचे 5 टक्के मोजले जातात ते ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नावर. घरपट्टी, पाणीपट्टीची वसुली 4 लाख झाली तर दिव्यांगांच्या वाट्याला 20 हजार. वसुलीच नसेल तर टक्केवारी कशाची काढणार? (मेसेज पुढे ढकलणाऱ्यांत घरपट्टी थकवलेले किती, हेही कधी तरी मोजावे.)

“सरपंच परस्पर पैसे काढतो.” या निधीचे देयक ऑनलाइन निघते. त्याला सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे पूर्वीचे ग्रामसेवक, अशा दोघांच्या डिजिटल सह्या लागतात, आणि रक्कम थेट पुरवठादाराच्या खात्यात जाते. म्हणून गैरव्यवहार होत नाही असे नाही, त्याची जागा बदलते. खोटे मोजमाप लिहून बिल फुगवता येते. कागद मागायचे ते हे: अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका आणि बिल. मग टेप घेऊन जागेवर जा. गटाराची लांबी कोणीही मोजेल; काँक्रीट रस्त्यात चोरी बहुधा जाडीत असते. कडेची जाडी पाहून समाधान मानू नका, कारण काँक्रीट ओतताना बाजूच्या फळीला टेकणारी कड पूर्ण भरून मधला थर पातळ ठेवता येतो. नळजोडणीसाठी रस्ता फोडला की मधली जाडी उघडी पडते. तेव्हा टेप लावून फोटो घ्या आणि मोजमाप पुस्तिकेतल्या नोंदीशी ताडून पाहा.

कागद मिळत नसतील तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क 10 रुपये, विषय एकच, मजकूर 150 शब्दांच्या आत. “पाच वर्षांचा सगळा हिशेब द्या” असे लिहू नका. एका कामाचे नाव आणि वर्ष लिहा. 30 दिवसांत उत्तर आले नाही तर पहिले अपील करता येते.

“ग्रामसभेला कोण विचारतो?” आराखडा मंजूर होतो तो ग्रामसभेतच. वर्षाला किमान चार सभा घ्याव्या लागतात. गणपूर्तीला 15 टक्के मतदार किंवा 100 जण, यांत जो आकडा कमी असेल तेवढे लागतात. तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. मग वीस माणसांच्या बैठकीत वर्षभराची कामे ठरतात, आणि सीसीटीव्हीचे नाव त्या यादीत नसते.