ड्रेनेजच्या उंदरांवर फिरणारा ‘घरगुती उपाय’ मेसेज: मुद्द्यागणिक प्रतिवाद

पावसाळा जवळ आला की व्हॉट्सअ‍ॅपवर एक सल्ला फिरू लागतो. त्याचा सारांश असा: गटारातले उंदीर आणि घुशी कमोडमधूनच घरात येतात. म्हणून झाकण लावा, नहाणीच्या जाळीवर वीट ठेवा, पाइपात डांबरगोळ्या टाका, आठवड्याला उकळते पाणी आणि अ‍ॅसिड ओता, चेंबरमध्ये विष ठेवा. ट्रॅपमध्ये, म्हणजे पाइपाच्या पाणी साठून राहणाऱ्या वळणात, पाणी असेल तर उंदीर येऊच शकत नाही, वरच्या मजल्यांना धोका नाही, प्लंबरवर खर्च करायची गरज नाही.

मुंबई-पुण्यातल्या जुन्या इमारतींत या सल्ल्यावर विसंबून लोक वर्षानुवर्षे उंदीर सोसतात. यातले काही उपाय निरुपयोगी आहेत, काही सरळ धोक्याचे आहेत.

‘कमोडमधूनच येतात’

कमोडमधून उंदीर येऊ शकतो, हे खरे. पण अनेकदा तो पाइपातून शेवटपर्यंत येतच नाही. जमिनीखालच्या फुटक्या सांध्यातून तो मातीत शिरतो, बीळ करत पायाच्या कडेने लादीखाली पोचतो आणि पाइपसाठी पाडलेल्या भोकातून वर निघतो. कमोडच्या झाकणाने फार तर भांड्यात आलेला उंदीर अडेल. त्याची वाट तशीच उघडी राहते.

पहिल्यांदा स्वयंपाकघराच्या सिंकखाली टॉर्च मारून बघा. घड्या असलेला लवचिक वेस्ट पाइप जमिनीतल्या तीन इंची पाइपात नुसता सोडलेला असतो आणि भोवती बोट जाईल एवढी मोकळी जागा असते. उंदराचे पिल्लू साधारण १२ मिमीच्या फटीतून निघते. हा लवचिक पाइप इतका पातळ असतो की उंदीर तो सहज कुरतडतो. तो काढून ४० मिमीचा कडक पीव्हीसी पाइप आणि बॉटल ट्रॅप बसवा, आणि मोठ्या पाइपाच्या तोंडाशी रिड्युसर (मोठ्या पाइपाला लहान पाइप जोडणारा तुकडा) किंवा घट्ट बसणारे रबरी सील लावा. वॉशिंग मशीनचा पाइप नहाणीत असाच सोडलेला असेल, तर तिथेही हेच करा.

भिंतीतले भोक बुजवताना फोम वापरू नका. फोम उंदीर कुरतडून काढतात. कोंबड्यांची षट्कोनी जाळीही चालत नाही, तिची तार बारीक आणि भोके मोठी असतात. ६ मिमी चौकोनांची वेल्डेड जाळी कापून भोकात दाबा आणि वर एकास तीन प्रमाणाचा सिमेंट-वाळूचा माल भरा. ओला माल उंदीर पहिल्याच रात्री उकरतात, म्हणून त्यावर पत्रा किंवा लादीचा तुकडा टेकवून वजन ठेवा. पुढचे सात दिवस पाणी मारा. हे न केल्याने माल भुगा होतो आणि ‘सिमेंटने काही होत नाही’ असा समज पसरतो.

जाळीवर वीट ठेवली तर अंघोळीचे पाणी तुंबते, म्हणून ती दोन दिवसांत बाजूला जाते. नहाणीला स्क्रूने बसणारी स्टीलची जाळी लावा. भोके ६ मिमीपेक्षा मोठी नकोत.

‘ट्रॅपमध्ये पाणी असेल तर उंदीर येत नाही’

नहाणी ट्रॅपमध्ये किंवा कमोडच्या वळणात साधारण ५० मिमी पाण्याचे सील असते. ते वास आणि झुरळे अडवायला आहे. उंदीर उत्तम पोहतो, श्वास रोखून बुडी मारतो. पाच सेंटिमीटर पाणी त्याला अडथळाच नाही.

तरीही सील टिकवणे गरजेचे आहे, कारण सुकलेल्या ट्रॅपमधून गटारातली हवा आणि वास थेट घरात येतो. सुट्टीत महिनाभर गावी जाणार असाल, तर प्रत्येक नहाणीत तांब्याभर पाणी आणि वर दोन चमचे खाद्यतेल ओता. तेलाच्या थरामुळे पाणी सावकाश उडते. घरात माणसे असूनही ट्रॅप वारंवार रिकामा होत असेल, तर कारण बाष्पीभवन नाही. वरच्या मजल्यावरून जोरात आलेले पाणी हवा ओढते आणि तुमच्या ट्रॅपचे पाणी सोबत खेचून नेते. तिथे व्हेंट पाइप (लाइनला हवा पुरवणारा पाइप) नाही किंवा तुंबला आहे, हे तपासावे लागते.

डांबरगोळ्या, अ‍ॅसिड, उकळते पाणी

डांबरगोळ्या पाण्याबरोबर वाहून जातात किंवा जाळीत अडकून घरभर वास करतात. गटारात राहणाऱ्या प्राण्याला त्या वासाने वाट बदलावीशी वाटत नाही. उलट नॅफ्थॅलीनची वाफ माणसांनाच घातक आहे. जी६पीडी या विकराची (एन्झाइमची) कमतरता असलेल्या तान्ह्या बाळांत तिने रक्तपेशी फुटतात. घरात बाळ असेल तर गोळ्या आणूच नका.

अ‍ॅसिडने सिमेंटचे सांधे झिजतात, म्हणजे बुजलेली फट पुन्हा उघडते. अ‍ॅसिडनंतर कोणी ब्लीचिंग पावडर टाकली, तर क्लोरीन वायू सुटतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो. उकळत्या पाण्याने पीव्हीसी मऊ पडून सांधे वाकतात आणि थंड कमोडला तडा जाऊ शकतो.

‘वरच्या मजल्यांना धोका नाही’

घूस आणि तपकिरी गटारउंदीर मुख्यतः खालून येतात. काळा घरउंदीर मात्र पट्टीचा चढणारा आहे. डक्टमधल्या, म्हणजे इमारतीच्या पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीतल्या, पाइपांच्या कडेने तो गच्चीपर्यंत जातो आणि खिडकी, एक्झॉस्ट फॅन किंवा पाइपाच्या भोकातून कोणत्याही मजल्यावर शिरतो. लेंड्या पाहून अंदाज येतो: गटारउंदराच्या सुमारे १८ ते २० मिमी लांब आणि बोथट टोकांच्या, काळ्या उंदराच्या सुमारे १२ मिमीच्या आणि टोकदार. लेंड्या टोकदार असतील, तर जमीन खोदायच्या आधी डक्ट पाहा. पाइपाभोवती पत्र्याची कॉलर बसवता येते, ती पाइपापासून किमान २२ सेंमी बाहेर यावी. गच्चीवरच्या व्हेंट पाइपाला काऊल (तोंडावरची टोपी) आहे का, तेही बघा.

चेंबरमध्ये विष

झिंक फॉस्फाइड हे उंदरांचे विष ओलाव्याने विघटन पावते, त्यामुळे चेंबरच्या दमट हवेत त्याचा जोर लवकर उतरतो. ब्रोमॅडिओलोन हे दुसरे विष खाल्लेला उंदीर काही दिवसांनी मरतो, बहुतेक लादीखाली किंवा डक्टमध्ये, आणि तो कुजेपर्यंत वास सोसावा लागतो. तो उंदीर मांजराने किंवा गव्हाणी घुबडाने खाल्ला, तर विष त्यांच्याही पोटात जाते. एवढे करून वाट उघडीच राहते आणि रिकाम्या जागी रस्त्यावरच्या गटारातून नवे उंदीर येतात.

‘प्लंबरची गरज नाही’

या शेवटच्या दाव्याने सर्वांत जास्त नुकसान होते, कारण खरे काम चेंबरमध्ये आणि जमिनीखाली आहे. आवारातली ड्रेनेज लाइन साधारणपणे सोसायटीची जबाबदारी असते, रस्त्यावरची महापालिकेची. काम एप्रिल-मे महिन्यांत उरकावे. पावसात गटारे भरली की उंदीर वर ढकलले जातात आणि खणलेल्या खड्ड्यात पाणी साचते.

झाकण काढून अर्धा तास तरी चेंबर उघडा ठेवा. काडी, सिगारेट जवळ नको. खोल चेंबरमध्ये कोणालाही उतरवू नका. विषारी वायूने माणसे मरतात, आणि संरक्षक साधनांविना माणसाला गटारात उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. पाहणी वरूनच, टॉर्च आणि आरशाने करा. हातात रबरी मोजे, पायात गमबूट असावेत. उंदराच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा आजार) पसरतो आणि जखमेतून शरीरात शिरतो.

जुन्या आवारात रस्त्याच्या गटाराला जोडण्याआधीच्या शेवटच्या चेंबरमध्ये इंटरसेप्टिंग ट्रॅप, म्हणजे आवार आणि रस्त्याची लाइन वेगळी ठेवणारे पाण्याचे वळण, असतो. त्याला साफसफाईसाठी एक वरचे तोंड असते आणि त्यावर बूच. तुंबलेली लाइन मोकळी करताना कामगार ते बूच काढतात आणि पुन्हा लावायचे राहून जाते. मग ट्रॅपला वळसा घालून उंदरांना रस्त्यावरून आवारात कोरडा, सरळ मार्ग मिळतो. हे बूच आहे का, हे सर्वांत आधी पाहा. बसवायला थोडा वेळ आणि किरकोळ पैसे लागतात.

त्यानंतर चेंबरच्या भिंतीत शिरणारे पाइप मोजा. भारतीय पद्धतीचे भांडे काढून कमोड बसवताना किंवा मोरी हलवताना जुना पाइप तसाच सोडतात आणि घराकडच्या तोंडाला विटेचा तुकडा व प्लास्टर लावतात. अशा मृत पाइपात उंदीर निवांत घर करतात. तो चेंबरच्याच बाजूने, शक्य तितका जवळ बंद करावा: पीव्हीसी असेल तर सॉल्व्हंट सिमेंटने (पीव्हीसी चिकटवायच्या द्रावणाने) एंड कॅप, चिनी मातीचा असेल तर आत बूच ठोकून वरून माल.

आवारातले पेव्हर खचले असतील किंवा भिंतीकडेला ताज्या मातीचा ढीग दिसत असेल, तर खाली सांधा फुटला आहे असे धरून चाला. खात्रीसाठी खालच्या चेंबरचे तोंड टेस्ट प्लगने (पाइपात घट्ट बसणाऱ्या तात्पुरत्या बुचाने) बंद करा, वरचा चेंबर पाण्याने भरा, खूण करा आणि अर्ध्या तासाने पातळी बघा. तेवढा वेळ रहिवाशांनी नळ आणि फ्लश वापरू नये. पाणी उतरले तर तो टप्पा खणावा. फुटक्या सांध्यावर नुसता माल थापू नका. खालची माती वाहून गेलेली असते, पाइप पुन्हा बसतो आणि तडा परत येतो. तो तुकडाच बदला: खाली १०० मिमी वाळूचा थर, ११० मिमी पाइपाला चाळीसास एक उतार, १६० मिमीला साठास एक.

घराकडून येणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी, चेंबरमध्येच, पाण्याच्या दिशेने उघडणारी स्टीलची एकमार्गी झडप बसवता येते. डेन्मार्कमध्ये ती सर्रास वापरतात. पण ती सॅनिटरी पॅड आणि कापडाने अडकते, म्हणून हात पोचेल अशाच ठिकाणी बसवा आणि दर दोन-तीन महिन्यांनी धुऊन घ्या. लाइन फुटलेली असताना नुसती झडप बसवणे व्यर्थ आहे, उंदीर तिच्या पलीकडून मातीत शिरतो.

कामाचा क्रमही महत्त्वाचा आहे. बाहेरच्या लाइनमधली वाट बंद झाली की लादीखाली अडकलेले उंदीर घराकडेच येतात. म्हणून काम सुरू होण्याआधी सिंकखाली आणि मोरीजवळ पिंजरे लावा. रात्री भिंतीच्या कडेला रांगोळीची पूड किंवा टाल्कम पावडर पातळ पसरा आणि सकाळी ठसे पाहा. सलग तीन रात्री ठसे दिसले नाहीत, की मगच आतली भोके पक्की बुजवा.