सकाळचा दिवा वेगळा, घाटातला दिवा वेगळा

जुन्या गाड्या सांभाळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर सारखा फिरत असतो. महिन्यातून एकदा तरी कोणीतरी तो मला पाठवतोच. थोडक्यात असा: "सकाळी गाडी चालू केल्यावर ऑइलचा लाल दिवा लगेच गेला नाही, दोन-चार सेकंद राहिला, तर समजा बेअरिंग गेले, इंजिनचं काम आलं. तोवर उपाय म्हणजे चालू केल्या केल्या चांगली रेस द्या, म्हणजे पंप ऑइल वर फेकतो. पुढच्या सर्व्हिसला जाड ऑइल टाका, सोबत घट्ट करणारा एक डबा. त्याआधी इंजिन फ्लश करून घ्या. एवढं करूनही दिवा राहिला तर सेन्सर खराब, वायर काढून ठेवा."

गंमत म्हणजे यातली बरीच वाक्यं कुठल्या ना कुठल्या गाडीला लागू पडतात. फक्त दुखणी दोन आहेत आणि मजकूर लिहिणाऱ्याने ती एकत्र कालवली आहेत. माझ्याकडे १९९६ची कार्बोरेटरवाली मारुती ८०० आहे. तिच्यावर हेच निदान होऊन दुरुस्तीचं कोटेशनही हातात आलं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट बेअरिंगची. क्रँक म्हणजे इंजिनचा मुख्य फिरणारा दांडा. तो आणि तो ज्यात फिरतो ते बेअरिंग यांच्यात मिलिमीटरच्या काही शतांशांची फट असते, त्या फटीतून ऑइल सतत बाहेर पडत असतं. पंप ढकलतो, फटी अडवतात, आणि या अडवण्यातून प्रेशर तयार होतं. बेअरिंग झिजलं की फट वाढते. फट दुप्पट झाली तर गळती साधारण आठपट होते, म्हणजे झिजलेल्या बेअरिंगने प्रेशर पडतं हे खरंच. पण कधी पडतं? ऑइल पातळ असताना. १५डब्ल्यू-४० सारखं ऑइल पुण्यातल्या सकाळी, २० अंशांना, १०० अंशांवरच्या ऑइलपेक्षा वीसेक पट घट्ट असतं. एवढं घट्ट ऑइल झिजलेल्या फटीतूनही सहज निसटत नाही. म्हणून बेअरिंग गेलेली गाडी सकाळी बहुधा शहाण्यासारखी वागते. ती बोलते दुपारी: खंबाटकी चढून वर आलात, टोलला थांबलात, इंजिन स्लोवर आलं, आणि दिवा लुकलुकायला लागला. थोडी रेस दिली की गेला. हा झिजलेल्या इंजिनचा दिवा.

सकाळी चार सेकंद रेंगाळून जाणारा आणि मग दिवसभर तोंड न दाखवणारा दिवा वेगळं सांगतो. ऑइल पोचतंय, पण उशिरा पोचतंय. वाट रिकामी झाली होती, ती आधी भरावी लागते आहे.

रिकामी का होते? माझ्या अनुभवात सगळ्यात आधी बघायची वस्तू म्हणजे फिल्टर. फिल्टरच्या तोंडाशी आतून एक रबरी चकती असते. तिचं काम एकच: इंजिन बंद झाल्यावर ऑइल परत चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत, ओघळू न देणं. फिल्टर तोंड वर करून उभा बसत असेल तर ती नसली तरी फारसं बिघडत नाही. आडवा किंवा उलटा बसत असेल तर सगळी भिस्त तिच्यावर. साध्या काळ्या रबराची चकती उष्णतेने कडक होते, वाकायची थांबते आणि रात्रभरात फिल्टर रिकामा होतो. सिलिकॉनची, बऱ्याचदा नारिंगी किंवा लालसर दिसणारी, जास्त टिकते. नकली फिल्टरमध्ये ती नावापुरती असते. परवा सर्व्हिस झाली आणि आजपासून दिवा रेंगाळायला लागला, तर संशयाची सुई थेट फिल्टरवर. (ऑइल बदलल्यावर पहिल्यांदा चालू करताना दिवा काही सेकंद राहतो, त्याला घाबरू नका, नवा फिल्टर भरतोय.)

दुसरा संशयित चेंबरच्या आत. पंप या इंजिनात क्रँकच्या टोकावर, म्हणजे ऑइलच्या पातळीच्या वर बसतो आणि स्ट्रेनरच्या, म्हणजे तोंडाला जाळी असलेल्या, नळीतून ऑइल वर ओढतो. त्या नळीच्या जोडावरचं सील कडक झालं की पंप ऑइलऐवजी हवा ओढतो. उसाचा रस पिताना स्ट्रॉला भोक असलं की काय होतं, तेच. गार घट्ट ऑइल ओढायला जड, त्यामुळे हवा आधी येते. डिपस्टिकवर पातळी खालच्या खुणेला असेल तर आधी वरच्या खुणेपर्यंत भरा. नुसत्या तेवढ्याने सकाळचा दिवा लवकर जायला लागला, तर ओढण्याच्या बाजूला शंका घ्यायला जागा आहे.

तिसरा संशयित मजकुरात औषधालाही नाही, आणि कार्बोरेटरवाल्या गाड्यांत तो नेहमीचा आहे. इंजिनवर बसणारा यांत्रिक पेट्रोल पंप, जुने मिस्त्री ज्याला एसी पंप म्हणतात, त्याचा डायफ्राम (आतला लवचिक पडदा) फाटला की पेट्रोल सरळ चेंबरमध्ये उतरतं. ऑइल पातळ होतं, प्रेशर गार-गरम दोन्हीकडे पडतं. ओळखायला यंत्र लागत नाही. डिपस्टिक काढा: पातळी घातली होती त्यापेक्षा वर गेली आहे का? वास घ्या. पेट्रोलचा भपकारा आला तर गाडी चालवू नका, पंप बदला, ऑइल बदला. डिपस्टिकवर किंवा झाकणाच्या आत दुधाळ फेस दिसला तर तिकडे पाणी मिसळतंय, ते प्रकरण निराळं. पावसाळ्यात छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीच्या झाकणाला थोडी साय धरते, तेवढ्यावरून हेड उघडायला देऊ नका.

आता रेस. पंप क्रँकवरच फिरतो, रेस दिली की जास्त ढकलतो, हे बरोबर. पण त्याच क्षणी कोरडं बेअरिंगही तितक्याच जोरात फिरतं. ऑइल पोचायच्या आधी भार वाढवण्याला उपाय म्हणायचं असेल तर म्हणा. दिवा जाईपर्यंत पाय काढून ठेवायचा. चोक ओढला असेल तर इंजिन आधीच हवं त्यापेक्षा पळत असतं. पाच-सहा सेकंदांत दिवा गेला नाही तर चावी बंद. गाडी महिना-दोन महिने उभी असेल तर मी स्पार्कला वीज देणाऱ्या कॉइलची बारीक वायर काढतो आणि दहा सेकंद सेल्फ मारतो, थोडं थांबून पुन्हा. इंजिन पेटत नाही, सावकाश फिरतं, वाट भरते, दिवा जातो किंवा निदान मंद होतो. मग वायर लावून चालू. बॅटरी मात्र धड हवी.

जाड ऑइलबद्दल मी थोडा मऊ आहे. आपल्याकडच्या उन्हात जुन्या इंजिनांना २०डब्ल्यू-५० हे काही विष नाही. गरम इंजिनच्या दिव्यावर त्याने फरकही पडतो. पण तो फरक कसला आहे ते बघा. बागेतल्या पाइपच्या तोंडावर अंगठा धरला की पाण्याचा जोर वाढतो, पाणी वाढत नाही. आणि सकाळच्या रेंगाळणाऱ्या दिव्यावर जाड ऑइल म्हणजे उलटीच दिशा, कारण रिकामी वाट घट्ट ऑइलने भरायला वेळ जास्त लागतो. मुंबईत हा फरक जाणवणार नाही कदाचित. निफाडच्या थंडीत जाणवेल. घट्ट करणाऱ्या डब्यांचं काम तर गाडी विकेपर्यंत आवाज दाबणं एवढंच. विकत घेणाऱ्याने इंजिन गरम करून ऐकावं ते याचसाठी.

फ्लश, म्हणजे रसायन घालून इंजिन आतून धुणं? वीस वर्षं चेंबरच्या तळाशी बसलेला गाळ एकदम सुटतो आणि जाऊन स्ट्रेनरच्या जाळीवर बसतो. नव्हता तो रोग होतो. त्यापेक्षा चेंबर खाली उतरवून जाळी हाताने साफ करणं बरं. त्या निमित्ताने नळीचं सीलही बदलता येतं. पंपाचा रिलीफ व्हॉल्व (जास्तीचं प्रेशर सोडणारी झडप) कचऱ्याने उघडा अडकला असेल, तर तोही याच वेळी बघून घ्यावा.

उरला सेन्सर. इथे मजकूर अर्धा बरोबर आहे. तो सेन्सर म्हणजे साधा स्विच. बहुतेक गाड्यांत प्रेशर ०.२ ते ०.५ बारच्या वर गेलं की तो सुटतो आणि दिवा विझतो. म्हणजे दिवा गेला याचा अर्थ प्रेशर चांगलं आहे असा नाही, अगदीच शून्य नाही एवढाच. स्विच खराब होतो, त्यातून ऑइल पाझरतं, आणि तो स्वस्तही आहे. वायर काढून बघायची ती तपासायला: काढल्यावर दिवा गेला पाहिजे, बॉडीला टेकवल्यावर लागला पाहिजे. काढूनही जळत राहिला तर वायर कुठेतरी बॉडीला घासते आहे. पण काढून तशीच सोडणं म्हणजे एका रात्री रिकाम्या चेंबरवर गाडी हाकण्याची तयारी.

खरा निकाल गेज देतो. स्विच काढून त्या जागी प्रेशर गेज लावायचा, गार इंजिनवर बघायचं, मग अर्धा तास चालवून गरम इंजिनवर, स्लोला आणि रेसला. जुना अंदाज असा की दर हजार आरपीएमला दहा पीएसआय, म्हणजे साधारण ०.७ बार, गाडीचं मॅन्युअल हाताशी असेल तर त्यातला आकडा वरचढ. एक काळजी घ्या: जपानी बनावटीच्या गाड्यांत बहुधा १/८ इंची ब्रिटिश टेपर आटे असतात, इंचाला २८. अमेरिकन अडॅप्टरला २७. दोन फेरे छान बसतो, मग ब्लॉकचे आटे खातो.

माझ्या गाडीला गेज लावला तेव्हा गरम इंजिन स्लोला दीड किलो, म्हणजे जवळपास दीड बार, दाखवत होतं. मग फिल्टर काढून करवतीने कापला. आतली चकती वाळलेल्या पापडासारखी, नखाने दाबली तर वाकेना. नवा फिल्टर बसवल्यापासून सकाळी चावी फिरवली की 'एक' म्हणेपर्यंत दिवा जातो. क्रँक, बेअरिंग आणि रिंगांचं ते कोटेशन अजून ग्लोव्ह बॉक्समध्ये आहे, पीयूसीच्या मागे.